हुर्राक-लिम्का, लिंबू सोडा आणि जीसी टूथ मूस: दातांसाठी पैसे कुठे घालावेत?

बिंबलं, चिंच किंवा मीठ लावलेली कैरी खाल्ली की आपण म्हणतो, दात आंबले. जीभ फिरवली तर दात खरखरीत लागतात, गार पाणी झोंबतं आणि थोड्या वेळाने सगळं पूर्ववत होतं. यात मोठा वाटा असतो तो दातावरच्या एनॅमलचा. वजनाने सुमारे 96 टक्के खनिज असलेलं हे कवच आम्लात भिजलं की त्यातलं कॅल्शियम आणि फॉस्फेट सुटू लागतं आणि वरचा अगदी पातळ थर मऊ पडतो. शीतपेयंही तेच करतात, पण साखरेच्या गोडीत त्यांचा आंबटपणा लपतो. दात आंबल्याचं कळत नाही, म्हणून हात आवरत नाही.

ही झीज दिसली की डेंटिस्ट अनेकदा एक छोटी, महागडी ट्यूब सुचवतात: जीसी टूथ मूस. ती दवाखान्यात, दातांचं सामान विकणाऱ्यांकडे आणि ऑनलाइन मिळते. आमचा कौल आधीच सांगतो. वस्तू चांगली आहे, पण ज्याच्या रोजच्या पिण्यात काही बदल झालेला नाही आणि ज्याच्या बेसिनवर फ्लोराइड नसलेली पेस्ट आहे, त्याने तिच्यावर पैसे घालू नयेत. ती तिसऱ्या पायरीची वस्तू आहे. पहिल्या दोन पायऱ्या जवळजवळ फुकट आहेत.

गोव्यात दातांवर येणारं आम्ल फक्त बाटलीबंद पेयांतून येत नाही. मार्च ते मे हे हुर्राकचे दिवस. काजूच्या बोंडूंच्या रसापासून गाळलेल्या दारूची पहिली धार म्हणजे हुर्राक. त्यात लिम्का, लिंबाची फोड, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालून एक ग्लास तास-दीड तास पुरवायचा, ही आपल्याकडची रीत. दातांचं नुकसान या पुरवून पिण्यात आहे. एका घोटानंतर तोंडातलं आम्ल धुऊन पातळ करायला लाळेला काही मिनिटं लागतात. ती मिनिटं पुरी व्हायच्या आत दुसरा घोट आला, तर दीड तासभर दात सतत आम्लातच राहतात. त्यात दारूने तोंड कोरडं पडतं आणि मे महिन्याच्या घामाने अंगातलं पाणी कमी झालेलं असतं, म्हणजे लाळही कमी. जत्रेच्या फेरीत उभ्याने दोन मिनिटांत संपवलेला सोडा याच्या तुलनेत खूपच सौम्य.

आता थोडे आकडे, कारण पुढचा हिशेब त्यांच्यावर आहे. एनॅमल विरघळू लागण्याची सीमा साधारण 5.5 पीएच मानतात. कोलाचा पीएच 2.5 च्या आसपास असतो. पीएचची पट्टी दहापटीने चालते, म्हणून तीन पायऱ्यांचा हा फरक म्हणजे हजार पट आम्लता. लिंबाच्या चवीची बाटलीबंद पेयं 3 च्या आसपास असतात आणि ताज्या लिंबाचा रस 2 ते 2.5 असतो. मात्र नुसत्या पीएचवर निकाल देता येत नाही. सायट्रिक आम्ल कॅल्शियमला धरून ओढून नेतं, म्हणून लिंबाची पेयं आकड्यावरून वाटतात त्यापेक्षा जास्त खोडकर. उलट ताकाचा पीएच 4 ते 4.5, म्हणजे सीमेच्या बराच खाली, तरी ताकाने दात झिजत नाहीत. त्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट इतकं असतं की दातातलं खनिज बाहेर पडायला वावच राहत नाही. टूथ मूसमागची कल्पनाही याच जातीची आहे.

गॅसने दात झिजतात हा समज फार पसरलेला आहे. साध्या सोड्यातलं कार्बोनिक आम्ल दुबळं असतं. लिंबू सोड्यात खरं काम अर्ध्या लिंबाचा रस करतो. मीठ घातल्याने आम्ल मरत नाही, फक्त चव बदलते. साखर नसलेला कोला कीड लागण्याच्या दृष्टीने बरा, पण झिजेच्या दृष्टीने साखरेच्या कोल्याइतकाच वाईट, कारण आम्ल तेच. कोकम सरबतही आंबटच, ते घरचं आहे म्हणून सुटका नाही. सोलकढीत नारळाचा रस असतो आणि ती जेवणाबरोबर घेतली जाते, तेव्हा लाळ भरपूर सुटलेली असते. त्यामुळे तिची काळजी कमी. शहाळ्याचं पाणी सीमेच्या जवळपास घुटमळतं आणि दुपारच्या उन्हात कोल्याला पर्याय म्हणून आम्ही ते डोळे मिटून सुचवू.

तर ट्यूबकडे. टूथ मूस जीसी या जपानी कंपनीचं. त्यातलं मुख्य द्रव्य दुधाच्या केसीन या प्रथिनापासून बनवतात. मेलबर्न विद्यापीठात एरिक रेनॉल्ड्स यांच्या गटाने ते विकसित केलं आणि रिकाल्डेंट या नावाने ते ओळखलं जातं. कॅल्शियम आणि फॉस्फेट एकत्र आले की एरवी त्यांचा लगेच साका बसतो आणि ते निकामी होतात. केसीनचे तुकडे त्यांना सुट्या, वापरण्याजोग्या अवस्थेत धरून ठेवतात, दातावरच्या लाळेच्या पापुद्र्याला चिकटतात आणि आम्ल आलं की ते खनिज सोडतात. ट्यूब 40 ग्रॅमची. दोन प्रकार आहेत. साध्यात फ्लोराइड नाही, प्लसमध्ये 900 पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत 900 भाग) फ्लोराइड आहे. मोठ्यांनी घ्यायचंच असेल तर प्लस घ्यावं. सहा वर्षांखालच्या मुलाला मात्र प्लस नको, कारण मूल क्रीम गिळतं.

वापरायची पद्धत बॉक्सवर असते, पण तीच सर्वांत जास्त चुकते. रात्री नेहमीच्या पेस्टने ब्रश करा, थुंका. मग वरच्या दातांसाठी वाटाण्याएवढं आणि खालच्यांसाठी तेवढंच क्रीम स्वच्छ बोटावर घेऊन सगळ्या दातांवर लावा. पुढच्या दातांची बाहेरची बाजूच नव्हे, तर दाढांचा चावायचा भाग आणि जिभेकडची बाजूसुद्धा. किमान तीन मिनिटं तसंच राहू द्या. लाळ सुटेल, ती लगेच थुंकू नका. मग जिभेने उरलेलं क्रीम तोंडभर फिरवा आणि आणखी एक-दोन मिनिटं धरा. जादा असेल ते थुंका, पण चूळ भरू नका आणि अर्धा तास काही खाऊ-पिऊ नका. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे लावलेलं लवकर धुतलं जात नाही. रात्रीची वेळ म्हणूनच उत्तम. तेच झोपायच्या आधी घेतलेल्या कोल्यालाही लागू पडतं, फक्त उलट दिशेने.

चुका ठरलेल्या आहेत. एक, टूथ मूस ब्रशवर घेऊन दात घासणं. त्यात घासणारी पूड नाही, ते पेस्टची जागा घेऊ शकत नाही. दोन, लावून लगेच चूळ भरणं, म्हणजे पैसे बेसिनमध्ये. तीन, फक्त ज्या दाताला झिणझिण्या येतात तिथेच टेकवणं. चार, आठवड्यातून कधीतरी आठवलं तर लावणं. दोन्ही जबड्यांना मिळून रोज एक ग्रॅम धरला तर ट्यूब 40 दिवस जाते. तीन महिने झाले तरी तीच ट्यूब चालू असेल तर तुम्ही पुरेसं लावत नाही आहात. ट्यूब गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. एप्रिल-मेच्या उन्हात आतलं तापमान बॉक्सवर लिहिलेल्या मर्यादेच्या कितीतरी वर जातं.

आणि एक गोष्ट दुकानदार विचारत नाही, म्हणून इथे ठळकपणे सांगतो. दुधाच्या प्रथिनाची ॲलर्जी असलेल्याने हे क्रीम अजिबात वापरू नये. बेंझोएट प्रकारच्या प्रिझर्व्हेटिव्हची ॲलर्जी असेल तरीही नको. दूध पचत नाही, पोट बिघडतं, ही तक्रार वेगळी. ती लॅक्टोजमुळे असते आणि इथे प्रश्न प्रथिनाचा आहे. मात्र दोन्हीतला फरक स्वतः न ठरवता डॉक्टरांना विचारून घ्यावा.

आता त्याच्या मर्यादा. किडीची सुरुवात होते तेव्हा दातावर खडूसारखा पांढरा डाग पडतो. तिथे एनॅमलच्या आत खनिज कमी झालेलं असतं पण वरचा आराखडा शाबूत असतो, त्यामुळे खनिज परत भरायला घर असतं. शीतपेयांच्या झिजेत तसं नसतं. आम्ल वरूनच थर उचलून नेतं. मागे राहतो तो काही मायक्रोमीटरचा मऊ थर. तेवढाच पुन्हा कडक होऊ शकतो. जो थर गेला तो कुठल्याही क्रीमने, कुठल्याही किमतीला उगवत नाही. 'एनॅमल परत आणा' अशी जाहिरात दिसली तर ती या मऊ थराबद्दल बोलत असते, दाताच्या गेलेल्या आकाराबद्दल नाही. प्रयोगशाळेत टूथ मूसचे आम्लावरचे निकाल बरे आले आहेत, पण तोंडात, रोजच्या वापरात, ते चांगल्या फ्लोराइड पेस्टपेक्षा ठामपणे सरस आहे असं म्हणता येईल इतका पुरावा नाही. ठणक कमी होण्यात मात्र पुष्कळांना फरक पडतो, आणि तोंड कोरडं पडणाऱ्या वयस्कर माणसाला किंवा औषधांमुळे लाळ आटलेल्याला त्याचा उपयोग जास्त.

म्हणून पहिली पायरी साधी पेस्ट. भारतात पेस्टमधल्या फ्लोराइडला 1000 पीपीएमची कमाल मर्यादा आहे आणि ते किती आहे हे ट्यूबवर छापलेलं असतं. आकडा नसेल तर ती पेस्ट झिजेसाठी बाद. लवंग, कडुनिंब, मीठ अशी नावं मोठी छापलेल्या बऱ्याच ट्यूबमध्ये फ्लोराइड नसतंच, तेव्हा मागची बारीक अक्षरं वाचा. पोर्तुगाल किंवा इंग्लंडहून येणारे नातलग चॉकलेटांबरोबर पेस्टही आणतात. तिकडच्या मोठ्यांच्या पेस्टमध्ये बहुधा 1450 पीपीएम असतं आणि झिजेच्या दातांना ती जास्त उपयोगी. मुलांच्या हाती ती देऊ नका. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरे.

फ्लोराइडांतही जात महत्त्वाची. सोडियम फ्लोराइड दातावर कॅल्शियम फ्लोराइडचा थर बसवतं, पण कोल्यासारख्या तीव्र आम्लात तो लवकर विरघळतो. स्टॅनस फ्लोराइड, म्हणजे कथलाचं फ्लोराइड, जो थर बसवतं तो आम्लाला जास्त दाद देत नाही. झिजेसाठी एकच पेस्ट निवडायची असेल तर घटकांच्या यादीत स्टॅनस फ्लोराइड हे शब्द शोधा. चव थोडी तुरट लागते आणि काही जणांच्या दातांवर तपकिरी डाग येतात, ते डेंटिस्टकडे साफ होतात. पोटॅशियम नायट्रेटच्या पेस्ट ठणक दाबतात, झीज थांबवत नाहीत. ठणक गेली म्हणून पुन्हा दोन बाटल्या सुरू झाल्या तर तोटाच. कोळशाच्या आणि दात पांढरे करणाऱ्या खरखरीत पेस्ट, मशेरी, गेरूचं लाल दंतमंजन, हे सगळं मऊ पडलेल्या एनॅमलवर पॉलिश पेपर फिरवण्यासारखं. झीज सुरू झालेल्या घरात यातलं काहीही नको. ब्रश मऊ किंवा अतिमऊ घ्या आणि तो हलक्या हाताने, पेन धरल्यासारखा धरा. मुठीत धरला की जोर आपोआप वाढतो.

आंबट प्यायल्यावर अर्धा तास थांबून ब्रश करा, हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. लगेच घासू नये हे खरं. पण अर्ध्या तासात मऊ थर पूर्ववत कडक होतो ही समजूत चूक आहे, लाळेला त्याहून फार जास्त वेळ लागतो. म्हणून हिशेब उलटा मांडावा. लिंबू-पाणी किंवा सोडा नाश्त्याबरोबर घ्यायचाच असेल तर ब्रश त्याच्या आधी उरकून घ्या.

दुसरी पायरी पिण्याची पद्धत. ती बदलायला पैसा लागत नाही आणि फरक सर्वांत जास्त तिथे पडतो. दिवसात चार किंवा जास्त वेळा काही आंबट तोंडात जात असेल तर धोका ठळकपणे वाढतो. इथे किती मिलिलिटर यापेक्षा किती वेळा हे महत्त्वाचं. एक बाटली जेवणाबरोबर दहा मिनिटांत संपवणं आणि तीच ऑफिसच्या टेबलावर दुपारभर घोट घोट घेणं यात दुसरं कितीतरी वाईट. पेय तोंडात घोळवू नका, गालांत धरून ठेवू नका. स्ट्रॉ वापरायची असेल तर तिचं टोक पुढच्या दातांच्या मागे, जिभेवर असू द्या. ओठांत नुसती धरली तर धार थेट पुढच्या दातांवर बसते. गार पेयाने झीज जरा हळू होते आणि बर्फ वितळून आम्ल पातळ होतं, तेव्हा बर्फ भरपूर घाला. हुर्राकला लिम्काऐवजी साधा सोडा, लिंबू एकाच फोडीचं, आणि शेजारी पाण्याचा ग्लास, प्रत्येक दोन-तीन घोटांमागे एक घोट पाण्याचा. चव थोडी बदलते, मिरची आणि मीठ ती बरीच सावरून घेतात. मग लिंबाची साल मात्र दातांनी चोखत बसू नका, ती सवय पुढच्या दातांच्या कडा खाते.

पिऊन झाल्यावर साध्या पाण्याची चूळ, किंवा एक घोट दूध, किंवा चीजचा छोटा तुकडा, किंवा साखर नसलेलं च्युइंगगम. यातलं जे हाताशी असेल ते. उलटी झाली किंवा आंबट पाणी घशाशी आलं तर ग्लासभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून चूळ भरा.

ट्यूब घ्यावी की नाही हे ठरवायच्या आधी झीज खरंच आहे का ते पाहा. खिडकीच्या उजेडात आरशासमोर उभं राहा. पुढच्या दातांची चमक एकसारखी, रेशमासारखी गुळगुळीत झाली असेल, कडा काचेसारख्या पारदर्शक दिसत असतील, दाढांच्या टोकांवर छोट्या वाट्या पडल्या असतील, किंवा जुनं फिलिंग आजूबाजूच्या दातापेक्षा वर आल्यासारखं दिसत असेल, तर ती आम्लाची खूण. हिरडीजवळ पाचरीसारखी खाच असेल तर बहुधा दोष जोरात फिरणाऱ्या ब्रशचा. आणि वरच्या पुढच्या दातांची फक्त आतली, टाळूकडची बाजू झिजली असेल, तर आधी पोटाकडे बघा. तिथे पित्त वर येण्याचा त्रास असण्याची शक्यता बाटलीपेक्षा जास्त आणि कुठलंही क्रीम त्यावर उपाय नाही.

डेंटिस्टकडे गेलात तर दोन गोष्टी मागा. एक म्हणजे बीइडब्ल्यूइ नोंद, म्हणजे झीज किती झाली ते मोजण्याची गुणपद्धत. तोंडाचे सहा भाग करून प्रत्येकाला 0 ते 3 गुण देतात, बेरीज 18 पर्यंत जाते. 2 पर्यंत काळजी नाही, 14 किंवा वर असेल तर प्रकरण गंभीर. दुसरी म्हणजे गरज असल्यास फ्लोराइड वार्निश: 5 टक्के सोडियम फ्लोराइडचा लेप, 22,600 पीपीएमचा, दर तीन ते सहा महिन्यांनी. लावायला काही मिनिटं लागतात आणि नियमित क्रीम लावायचा ज्यांना कंटाळा आहे त्यांना टूथ मूसपेक्षा हे जास्त मानवतं. बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयाच्या ओपीडीतही दात तपासून घेता येतात. खासगी दवाखान्याचा खर्च नको असेल तर तिकडे जा, फक्त सकाळी लवकर.

हे सगळं झाल्यावरही गार पाणी झोंबत असेल, तोंड कोरडं पडत असेल किंवा दात नुकतेच झिजू लागले असतील, तर टूथ मूस प्लसची एक ट्यूब घ्या आणि रोज रात्री ती 40 दिवसांत संपवा. घेताना सील आणि एक्स्पायरी बघा, मिंट आणि स्ट्रॉबेरी या चवी मोठ्यांना बऱ्या लागतात. सुरू करायच्या दिवशी पुढच्या दातांचा एक फोटो त्याच खिडकीत, ओठ वर करून काढा. सहा महिन्यांनी तिथेच, त्याच वेळी दुसरा काढा. कडा आणखी पारदर्शक दिसत असतील तर पुढची ट्यूब विकत घेऊ नका, दोन्ही फोटो घेऊन डेंटिस्टकडे जा.